ब्लू कट घ्यायची का?

(१९८८ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात झालेलं भाषण. शेवटी श्रोत्यांनी विचारलेले काही प्रश्नही दिले आहेत.)



संयोजकांनी मला पंचवीस मिनिटं दिली आहेत. नाश्ता नुकताच झालाय, दुपारी वांग्याचं भरीत आहे. मधल्या वेळात चष्मेवाल्याला बोलू द्यावं असा त्यांचा हिशोब असावा. हिशोब बरोबरच आहे. काल रात्री जुने फोटो फिरत होते, तेव्हा जवळजवळ प्रत्येकानं फोटो आधी हातभर लांब धरला आणि मग खिशातून चष्मा काढला. आपल्याकडे चष्म्याला 'चाळिशी' म्हणतात ते उगाच नाही. आपण तर पन्नाशीही ओलांडली.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, मी जळगाव सोडून धुळ्याला गेलो आणि गेली सव्वीस वर्षं तिथे चष्म्याचे नंबर काढतो, चष्मे विकतो. मी डोळ्यांचा डॉक्टर नाही, ऑप्टोमेट्रिस्ट आहे. औषधं आणि ऑपरेशन हे माझं काम नाही. आपला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सुरू झाल्यापासून मला सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न एकच आहे: "दुकानदार ब्लू कट घ्या म्हणतोय. घेऊ का?" कुणी काउंटरवर उभं राहूनच फोन करतं, कुणी काचेच्या पाकिटाचा फोटो पाठवतं. एकेकाला उत्तर देण्यापेक्षा आज सगळ्यांना एकदम देतो.

उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना डुलकी काढायची आहे त्यांची सोय होईल. कॉम्प्युटर-मोबाइलनं डोळे थकतात म्हणून ब्लू कटसाठी जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही. ते पैसे नीट नंबर काढून घेण्यात घाला, आणि तो नंबर तुम्ही ज्या अंतरावर काम करता त्या अंतरासाठी काढून घ्या. माझ्या दुकानात ब्लू कट काच मिळते. कुणी मागितली तर मी देतो, पण हे सांगून देतो. आता असं का म्हणतो तेही ऐका. नुसतं उत्तर घेऊन गेलात तर उद्या दुसरा कुणी दुसरं सांगेल आणि तुम्ही पुन्हा मलाच फोन कराल.

शाळेच्या प्रयोगशाळेत बाईंनी खिडक्या लावून, लोलकातून भिंतीवर सात रंग पाडले होते, आठवतं? त्यातला जांभळा-निळा पट्टा म्हणजे साधारण ४०० ते ५०० नॅनोमीटर लांबीच्या लहरी. ४०० च्या खाली डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण. निळ्या प्रकाशाची चर्चा आपल्या घरात आली ती एलईडी आल्यावर. निळा एलईडी बनवणं फार अवघड होतं. ते जमवणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पांढरा एलईडी म्हणजे आत एक निळा दिवा आणि त्यावर पिवळसर प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा थर. कॉम्प्युटरच्या स्क्रीनमागे बहुधा हाच दिवा असतो. त्यामुळे स्क्रीनच्या प्रकाशात ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचा एक उंचवटा असतो. इथपर्यंत जाहिरातवाले खरंच बोलतात. स्क्रीनमध्ये निळा प्रकाश असतो.

पण किती? आपण खान्देशातली माणसं, आपल्याला हे समजावणं सोपं आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना दुपारी केळीच्या बागेबाहेर बांधावर उभे राहा. डोळ्यांवर येणारा प्रकाश एक लाख लक्सच्या घरात असतो. ऑफिसात टेबलावर तीनशे ते पाचशे लक्स असतो. रात्री अंधारात मोबाइल फुटभर अंतरावर धरला तर डोळ्यापर्यंत शंभर लक्सही पोचत नाहीत. आणि आकाश निळं आहे, हे काही मी सांगायला नको. कॉम्प्युटरच्या स्क्रीनसारख्या कृत्रिम प्रकाशातून डोळ्याला मिळणारा निळा प्रकाश दिवसाच्या नैसर्गिक उजेडातल्या निळ्याच्या साधारण एक हजारांश असतो, असं मेलबर्न विद्यापीठातले संशोधक सांगतात. ज्यांचे आईवडील जन्मभर कपाशीत आणि केळीत राबले, त्यांनी मोबाइलच्या निळ्या प्रकाशाला भ्यावं, हे गणित जमत नाही.

"अरे, पण दुकानात मी स्वतः पाहिलं ना!" असं आपला एक मित्र मला काल म्हणाला. त्यानं काय पाहिलं तेही सांगतो. काउंटरवर एक छोटी निळी टॉर्च असते आणि एक पांढरं कार्ड. टॉर्च कार्डावर मारली की तिथे रंगाचा डाग उमटतो. मध्ये साधी काच धरली तरी डाग उमटतो. ब्लू कट काच धरली की डाग उमटत नाही. गिऱ्हाईक चकित होतं आणि ऑर्डर देतं. या खेळात हातचलाखी नाही, काच खरोखर तो प्रकाश अडवते. फक्त ती टॉर्च बहुधा ४०५ नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा प्रकाश देते, आणि स्क्रीनचा निळा उंचवटा आहे ४५० ला. बाजारातल्या पुष्कळ ब्लू कट काचांवर 'यूव्ही ४२०' असं लिहिलेलं असतं. म्हणजे ४२० पर्यंतचं बऱ्यापैकी अडवलं, त्यापुढचं बहुतेक आत सोडलं. राखणदार धरणगावच्या रस्त्यावर बसवला आणि पाहुणे आले भुसावळहून, असा प्रकार.

मग कंपन्या ४५० ला का अडवत नाहीत? अडवता येतं. पण तेवढा निळा काढून टाकला की काच उघड उघड पिवळी-नारिंगी दिसायला लागते, आणि ती घालून जगही पिवळं दिसतं. आपल्या जळगावच्या सराफ बाजारात बसणाऱ्या माणसाला असा चष्मा दिला तर सोन्याची झाक कळायची पंचाईत. कापड दुकानात पांढरी साडी आणि मोतिया साडी एकच दिसेल. म्हणून विकायला येणाऱ्या काचा जवळपास पारदर्शक ठेवतात, आणि पारदर्शक ठेवल्या की स्क्रीनचा निळा त्या थोडासाच कमी करतात, साधारण दहा ते पंचवीस टक्के. तेवढं काम मोबाइलची ब्राइटनेसची पट्टी बोटानं मागे सरकवली की होतं, फुकटात.

आता कुणी म्हणेल, थोडा का होईना, फरक पडत असेल. याचीही तपासणी झाली आहे. कॉक्रन नावाची संस्था वैद्यकातल्या दाव्यांवर झालेले प्रयोग एकत्र करून त्यांची छाननी करते. ऑगस्ट २०२३ मध्ये तिनं निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांचा आढावा प्रसिद्ध केला. सहा देशांतले १७ प्रयोग त्यात तपासले होते. काहींना असा चष्मा दिला, काहींना साधा, आणि दोघांच्या डोळ्यांचा थकवा मोजला. साध्या काचेच्या तुलनेत या काचेनं स्क्रीनवर काम करताना येणारा थकवा कमी होत असल्याचं दिसलं नाही. झोपेच्या बाबतीत निष्कर्ष उलटसुलट निघाले. डोळ्याच्या पडद्याचं रक्षण होतं, या दाव्याला आधार मिळाला नाही. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: हे प्रयोग छोटे आणि थोड्या मुदतीचे होते, सगळ्यात लांबलेला पाच आठवड्यांचा. उद्या मोठे प्रयोग झाले आणि वेगळं निघालं, तर मी पुढच्या मेळाव्यात तेही सांगेन. पण आज पैसे आज मोजायचे आहेत, आणि आजची माहिती ही आहे. अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची संघटना, अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी, कॉम्प्युटरसाठी असा खास चष्मा घ्या असं सांगत नाही. ब्रिटनमध्ये तर या काचेच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल चष्म्याच्या एका मोठ्या साखळी दुकानाला २०१७ मध्ये ४०,००० पौंडांचा दंड झाला.

तरी डोळे दुखतात हे खोटं नाही. साक्रीकडचे म्हातारे बाबा माझ्या खुर्चीत बसून "मना डोया दुखतस" म्हणतात, आणि पुण्याहून सुट्टीला आलेला त्यांचा नातू तेच मराठी-इंग्रजीत म्हणतो. दुखणं खरं आहे, कारण वेगळं आहे.

पहिलं कारण पापणी. बोलता-चालताना आपण मिनिटाला पंधराएक वेळा पापणी मिटतो. स्क्रीनकडे पाहताना ते पाच-सातवर येतं. दर मिटण्याबरोबर डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर पसरतो. शेतात पाटाचं पाणी फिरवतात तसंच ते आहे. पाळी चुकली की जमीन भेगाळते. त्यात आपल्याकडची कोरडी हवा आणि तोंडावर सोडलेला पंखा. डोळे चुरचुरतात, लाल होतात, आणि गंमत म्हणजे मध्येच पाणीही येतं. यावर उपाय फुकट आहे. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहा आणि तेवढ्यात दहा-बारा वेळा सावकाश पापण्या मिटा. पंख्याचं तोंड फिरवा.

दुसरं कारण अंतर, आणि आपल्या वयाच्या माणसांसाठी हेच मोठं. दहावीला भिंगाची शक्ती शिकलो होतो: एक भागिले मीटरमधलं नाभीय अंतर. सरांनी फळ्यावर लिहून दिलेलं ते सूत्र मी रोज वापरतो. पुस्तक ४० सेंटीमीटरवर धरलं तर डोळ्याला लागते अडीच डायॉप्टरची ताकद. कॉम्प्युटर ६६ सेंटीमीटरवर असेल तर लागते दीड. मध्ये एका नंबराचा फरक! चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग कडक होत जातं आणि हा फरक आपला आपण भरून काढता येत नाही. तुमचा जवळचा चष्मा पुस्तकासाठी काढलेला असतो. तो घालून कॉम्प्युटरसमोर बसलात की अक्षर पुसट दिसतं, म्हणून तुम्ही पुढे वाकता. चष्मा काढलात की मागे रेलता. दिवसभर हा झोपाळा चालू.

आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीनं हे सांगायची परवानगी दिली आहे. ती इथेच जळगावात टॅक्सचं काम करते. जुलैत रिटर्न भरायच्या दिवसांत रोज दहा-बारा तास स्क्रीनसमोर. डोळे दुखतात म्हणून ब्लू कट घेतला, मान दुखते म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे गेली. धुळ्याला लग्नाला आली तेव्हा माझ्याकडे आली. मी तिला खुर्चीत बसवून फक्त विचारलं, "कॉम्प्युटरकडे कशी बघतेस ते करून दाखव." तिनं हनुवटी वर केली आणि चष्म्याच्या खालच्या भागातून समोर पाहिलं. चष्मा प्रोग्रेसिव्ह होता. त्यात वर लांबचा नंबर, मध्ये मधल्या अंतराची अरुंद पट्टी आणि खाली जवळचा. घराबाहेर वावरायला छान चष्मा आहे, पण मॉनिटर उंच ठेवलेला असल्यानं ती दहा तास मान वर करून खालच्या खिडकीतून पाहत होती. मी तिच्या स्क्रीनचं अंतर विचारलं. तिनं घरी जाऊन टेपनं मोजून कळवलं, ६८ सेंटीमीटर. त्या अंतराचा वेगळा चष्मा केला, साध्या काचेचा, फक्त चकाकी कमी करणारं कोटिंग लावून. मॉनिटर चार बोटं खाली घेतला. मान कशी आहे ते तिलाच विचारा, तिसऱ्या रांगेत बसली आहे. चष्मा स्वस्तात पडला म्हणून रागावली आहे, पहिले पैसे आठवतात म्हणते.

आता जरा गंभीर होतो. एवढ्या छोट्या विषयावर मी पंचवीस मिनिटं का घेतोय ते यातून कळेल.

पारोळ्याकडचे एक गृहस्थ, बँकेत नोकरीला, वय आपल्याएवढंच. त्यांना स्क्रीनवर धूसर दिसायचं. सगळे म्हणाले मोबाइल फार बघता. त्यांनी एक ब्लू कट चष्मा घेतला. वर्षभरानं आणखी चांगल्या कंपनीचा दुसरा. माझ्याकडे आले ते तिसरा घ्यायला. माझ्याकडे एक साधं साधन असतं, पिनहोल. काळ्या पट्टीला बारीक भोक. त्यातून पाहिल्यावर तक्त्यावरची अक्षरं सुधारली तर दोष बहुधा नंबरचा असतो. सुधारली नाहीत तर काच बदलून उपयोग नाही, डोळ्याच्या आत काहीतरी आहे. त्यांच्या उजव्या डोळ्याला एकही ओळ सुधारली नाही. मी चष्मा विकला नाही, चिठ्ठी देऊन नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांना अकरा वर्षं शुगर होती आणि डोळ्याचा पडदा एकदाही तपासलेला नव्हता. पडद्यावर रक्तवाहिन्या झिरपत होत्या. इंजेक्शनं झाली, लेसर झालं, डावा डोळा वाचला. उजव्याची गेलेली नजर पुरती परत आली नाही.

त्या दोन चष्म्यांनी त्यांचं काही बिघडवलं नाही. काचेनं डोळ्याला इजा होत नाही. पण "उपाय केलाय" असं वाटत राहिलं आणि त्यात दोन वर्षं निघून गेली. मधुमेहाचा पडद्यावरचा परिणाम आणि काचबिंदू, दोन्ही न दुखता येतात, आणि गेलेलं आणून देत नाहीत. या सभागृहात शुगरवाले किती आहेत ते मी हात वर करायला लावणार नाही. काल रात्री जिलेबीच्या वेळी कुणी नको म्हटलं ते मी पाहिलंय. त्यांनी आणि ज्यांनी नको म्हणायला हवं होतं पण म्हटलं नाही त्यांनी, वर्षातून एकदा बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासून घ्यायचा. चष्मा असो वा नसो, दिसत असो वा नसो.

आता मुलं. आपल्यापैकी काहींची मुलं अजून शाळेत आहेत, काही जण आजी-आजोबा झालेत. बरेच पालक झिरो नंबरचा ब्लू कट चष्मा मुलाला आणून घालतात, जपणूक म्हणून. एका नववीतल्या मुलाला असाच आणला होता. नंबर तपासला तर एका डोळ्याला दीड मायनस निघाला. दुसरा डोळा चांगला असल्यानं त्याला स्वतःलाही पत्ता नव्हता. झिरो नंबरचा चष्मा घेताना कुणी एकेक डोळा झाकून पाहिलंच नव्हतं. मुलाचा नंबर डॉक्टरांकडे थेंब घालून काढा, आणि वर्षाला काढा.

मुलांच्या डोळ्यांना मोठी काळजी आहे ती लांबचा नंबर वाढण्याची. दिल्लीत एम्सच्या डॉक्टरांनी शाळकरी मुलं तपासली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत १३ टक्के मुलांना हा दोष होता, आणि जी मुलं दिवसाला दोन तासांहून जास्त मोकळ्यावर असत त्यांच्यात तो कमी होता. चीनमधल्या ग्वांगझूला १२ शाळांत एक प्रयोग झाला. सहा शाळांतल्या पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्त मैदानावर पाठवलं. तीन वर्षांनी नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना लांबचा नंबर लागला होता, मैदानावर गेलेल्यांत ३०.४ टक्के. लक्षात घ्या, ज्या निळ्या प्रकाशाला आपण भितो तो भरभरून असलेला दिवसाचा उजेड मुलांच्या डोळ्यांना मदत करतो. पी.टी.चे सर समोर बसले आहेत. सर, तुम्ही आम्हाला हाकलून मैदानावर न्यायचात, ते डोळ्यांसाठीही औषध होतं, हे आता सिद्ध झालंय. उन्हाळ्यात सकाळी किंवा संध्याकाळी पाठवा, भर दुपारी नको.

मग काही गाळणारी काच आपल्याला कधी लागतच नाही का? लागते, उन्हात. अतिनील किरणं डोळ्याला खरंच त्रास देतात. शेतात, रस्त्यावर, बांधकामावर वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांच्या डोळ्यात कोपऱ्यातून बुबुळावर मांसाचा पडदा चढतो, तो तुम्ही गावात पाहिला असेल. जळगाव-धुळे रस्त्यावर मोटारसायकलनं रोज ये-जा करणाऱ्यानं किंवा बागेत उभं राहून केळीचे घड उतरवून घेणाऱ्यानं 'यूव्ही ४००' लिहिलेला, बाजूनं झाकणारा गॉगल घ्यावा, आणि डोक्यावर रुमाल किंवा टोपी. नुसती काळी काच असून भागत नाही. अतिनील अडवत नसेल तर काळोखात बाहुली मोठी होते आणि किरणं जास्तच आत जातात. ब्लू कटचे पैसे वाचवायला सांगितले, ते इथे घाला.

शेवटी, दुकानात जाताना काय करायचं ते सांगतो. कागद-पेन्सिल असेल तर लिहून घ्या.

पहिली गोष्ट, घरून निघण्यापूर्वी डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर टेपनं मोजा. मोबाइलचं, पुस्तकाचं, शिलाई मशीन असेल तर सुईचंही. हे आकडे नंबर काढणाऱ्याला आधी सांगा.

दुसरी गोष्ट, फक्त कॉम्प्युटरच्या यंत्रात हनुवटी टेकवून निघालेल्या चिठ्ठीवर चष्मा करू नका. तो अंदाज असतो. चाचणीच्या फ्रेममध्ये काचा घालून, एकेक डोळा झाकून, तक्ता वाचून नंबर पक्का झाला पाहिजे. मग ती फ्रेम घालून पाच मिनिटं दुकानात फिरा, मोबाइल वाचा.

तिसरी गोष्ट, सिलिंडर नंबर असेल किंवा प्रोग्रेसिव्ह घेत असाल तर फ्रेम चेहऱ्यावर बसवून दोन बाहुल्यांमधलं अंतर आणि काचेची उंची मोजून घेतली का ते पाहा. महागडी प्रोग्रेसिव्ह काच दोन मिलिमीटर खाली बसली तर ती साध्या काचेपेक्षा वाईट.

चौथी गोष्ट, कोटिंग घ्यायचंच असेल तर चकाकी कमी करणारं घ्या, ज्याला दुकानात एआर किंवा एआरसी म्हणतात. साध्या फायबर काचेच्या दोन पृष्ठभागांवरून मिळून आठेक टक्के प्रकाश परावर्तित होतो. त्यामुळे रात्री गाडी चालवताना समोरच्या दिव्यांचे फुलोरे दिसतात आणि पाठीमागच्या खिडकीची प्रतिमा काचेत तरळते. एआरनं ते खूप कमी होतं. मुलांसाठी आणि गाडीवर फिरणाऱ्यांसाठी पॉलिकार्बोनेट घ्या. ते सहज फुटत नाही आणि अतिनीलही अडवतं.

आणि पाचवी. नव्या नंबरनंही नीट दिसलं नाही, एका डोळ्याला कमी दिसलं, दिव्यांभोवती वलयं दिसली, सरळ रेघ वाकडी दिसली, तर दुसऱ्या दुकानात जाऊ नका. डॉक्टरांकडे जा.

संयोजक घड्याळ दाखवताहेत. थांबतो.

भाषणानंतरचे काही प्रश्न

"मी मागच्याच महिन्यात ब्लू कट घेतला. आता काय करू?"
वापर. नंबर बरोबर असेल तर तो चांगला चष्मा आहे. त्यावर एआर कोटिंगही असतंच बहुधा, त्याचा फायदा होतो. फक्त दुसरा करताना त्यासाठी वेगळे पैसे देऊ नकोस.

"एका काचेवर हिरवी झाक दिसते, एकीवर निळी. हिरवी चांगली का?"
झाक म्हणजे कोटिंगवरून परत फिरणारा उरलासुरला प्रकाश. साध्या एआरची बहुधा हिरवी असते, ब्लू कट कोटिंगची निळी-जांभळी. रंगावरून दर्जा ठरत नाही. कोटिंग किती दिवस टिकतं, ओरखडे पडतात का, वॉरंटी लेखी आहे का, हे विचारा.

"रात्री मोबाइल पाहिला की झोप उडते. त्यावर तरी हा चष्मा उपयोगी?"
रात्रीच्या प्रखर प्रकाशानं झोपेचं घड्याळ पुढे सरकतं हे खरं. पण या पारदर्शक काचा तो प्रकाश थोडाच कमी करतात. ब्राइटनेस कमी करा, झोपण्याआधी तासभर मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि झोप प्रकाशानं उडते त्याहून जास्त आपल्या ग्रुपवरच्या वादांनी उडते, असा माझा अनुभव आहे.

"डोळे चुरचुरले की मेडिकलमधून ड्रॉप आणते. चालेल?"
कुठले ते बघावं लागेल. काही थेंबांत स्टेरॉइड असतं. त्यानं लालसरपणा पटकन जातो, म्हणून ते चांगले वाटतात. डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने घातले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही. बाटली फोटो काढून पाठव. मध, गुलाबपाणी, एरंडेल यातलं काहीही डोळ्यात घालू नका.

शेवटचा प्रश्न आपल्या विज्ञानाच्या बाईंनी विचारला: "माझं गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून पांढरं पातळ मला निळसर दिसतं. काही बिघडलंय का?"
नाही बाई, सुधारलंय. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं होत जातं आणि निळा प्रकाश आपोआप गाळतं. निसर्गानं आपल्या सगळ्यांना ब्लू कट फुकटच बसवलेला असतो. तुमचं ते पिवळं भिंग काढून डॉक्टरांनी स्वच्छ भिंग बसवलं, म्हणून बऱ्याच वर्षांनी खरा निळा दिसायला लागला. काही दिवसांत मेंदूला त्याची सवय होते. आता तुमच्या भिंतीवर लोलकातून रंग पाडले, तर त्यातला निळा पट्टा आमच्यापेक्षा तुम्हालाच जास्त लख्ख दिसेल.